पोकळ मण्यांचे प्लॅस्टिक आणि आपल्या मोटरची केबल



गळीत हंगाम आटोपला म्हणजे गट ऑफिसात उसाच्या बिलाच्या खालोखाल चर्चा असते ती मोटरच्या केबलची. उन्हाळ्यात बोअरचे पाणी खाली जाते, मोटर आणखी शंभर-दीडशे फूट सोडावी लागते आणि केबल अपुरी पडते. मागील महिन्यात एक सभासद असेच दोन तुकडे पिशवीत घालून आले. एक बोअरमधून काढलेल्या चपट्या केबलचा आणि दुसरा घरावरच्या टीव्हीच्या छत्रीच्या केबलचा. छत्रीच्या केबलमध्ये तांब्याच्या तारेभोवती पांढरे, थर्माकोलसारखे, नखाने दाबले तर दबणारे वेष्टन होते. ते म्हणाले, "साहेब, ही बघा कशी फुलासारखी हलकी. आणि आमचं पाचशे फुटांचं वेटोळं उचलायचं म्हणजे दोन गडी लागतात. बाजारात एकजण सांगतोय, आता मोटरलाही अशीच हवा भरलेली केबल निघालीय, पोकळ मण्यांची. दरही कमी. घेऊ का?"

आम्ही त्यांना "चार दिवस थांबा, आणि त्या माणसाकडून हातभर नमुना आणा" एवढेच सांगितले. हाच प्रश्न आणखी दोघा-तिघांनी विचारला, म्हणून येथे जरा सविस्तर लिहीत आहोत. पोकळ मण्यांचे प्लॅस्टिक ही थाप नव्हे. ती खरी वस्तू आहे आणि फार हुशारीची आहे. मात्र ती कशासाठी निघाली हे समजून घेतले पाहिजे.

आधी वेष्टनाचे, म्हणजे इन्शुलेशनचे, काम पाहू. वीज तारेतून जाते आणि वेष्टन तिला बाहेर पडू देत नाही, एवढे आपण सर्वजण जाणतो. ते खरे आहे, पण अर्धेच. वेष्टन हे नुसते कुंपण नव्हे, ते थोडी वीज स्वतःही पिते. कोरड्या पाटाला पाणी सोडल्यावर काय होते ते आठवा. वर दार उघडले तरी शेवटच्या सरीला पाणी लगेच पोचत नाही. आधी पाट पितो, मग पुढे सोडतो. केबलचेही तसेच. तारेला विजेचा दाब दिला की वेष्टनातील कणाकणाला ओढ बसते आणि तेवढी वीज तेथे अडकून पडते. दाब उलटला की ओढही उलटते, आणि प्रत्येक वेळी थोडीफार वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

कोणता पदार्थ किती पितो याला माप आहे. त्यास डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणतात. निर्वात पोकळीचा हा अंक १. हवेचाही जवळजवळ १च. पॉलिथीनचा २.३. पीव्हीसीचा ३ पासून ८ पर्यंत, त्यात काय काय मिसळले आहे त्यावर. काचेचा ५ ते ७. आणि पाण्याचा तब्बल ८०. म्हणजे सर्वांत कमी पिणारी, शिवाय वजनाला काहीच नसलेली आणि फुकट मिळणारी वस्तू म्हणजे हवा. अडचण एकच. हवा जागेवर राहत नाही, आणि तारेला मधोमध धरूनही ठेवू शकत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत संदेशाच्या केबल करणाऱ्यांची निम्मी धडपड या हवेला कोंडण्याचीच आहे.

ही 'पिण्याची' गोष्ट किती महाग पडते ते १८५८ साली प्रथम जगाला दिसले. आयर्लंड आणि न्यू फाउंडलंड यांच्यामध्ये समुद्राच्या तळाशी पहिली तार टाकली गेली. वेष्टन गटापर्चाचे, म्हणजे मलायाकडील एका झाडाच्या चिकाचे. इंग्लंडच्या राणीचा ९८ शब्दांचा निरोप पलीकडे पोचायला १६ तास लागले. पाट लांब, आणि काठ पिणारे! त्यातच काम घाईचे, काही ठिकाणी तांब्याची तार चिकाच्या मध्यभागी न बसता एका अंगाला सरकलेली. सुमारे तीन आठवड्यांत तार मेली. पुढे १८६६ साली तांबे जास्त घेऊन आणि वेष्टन जाड व नीट करून तार टाकली, ती चालली.

टेलिफोनच्या काळात लोकांनी हवेचाच आधार घेतला. तारेवर कागद सैल गुंडाळायचा, कागदाच्या घड्यांत कोरडी हवा राहू द्यायची, आणि असा शेकडो तारांचा जुडगा शिशाच्या नळीत घालायचा. फार छान चाले, पण नळीला एक भोक पडले आणि पाणी आत गेले की आख्खा जुडगा मुका. पावसाळ्यात शहरातले टेलिफोन बंद पडत त्यातले बरेचसे याच पायी.

मग आले पॉलिथीन. १९३३ साली इंग्लंडातील आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत ते अपघाताने सापडले आणि १९३९ साली कारखान्यातून बाहेर पडू लागले. लढाईत रडारच्या केबलसाठी त्याचा मोठा उपयोग झाला. येथे आम्हांला थोडे विषय सोडून बोलण्याचा मोह होतो, कारण या पॉलिथीनचे आपल्या उसाशी जवळचे नाते आहे. पॉलिथीन होते इथिलीन वायूपासून, आणि इथिलीन अल्कोहोलमधले पाणी काढून घेतले की मिळते. हिशोब सरळ आहे: ४६ किलो अल्कोहोलमधून २८ किलो इथिलीन आणि १८ किलो पाणी. हे शास्त्राच्या कागदावरचे, प्रत्यक्षात थोडी घट येते. एक टन मळीपासून सव्वादोनशे लिटर अल्कोहोल धरले तर शंभर किलोच्या आसपास पॉलिथीन होऊ शकते. हुगळीकाठी रिश्रा येथे १९५९ साली पॉलिथीनचा कारखाना सुरू झाला तो अल्कोहोलवरच. पुढे खनिज तेलातून निघणारा नाफ्था स्वस्त पडू लागला आणि हा मार्ग मागे पडला. ब्राझीलमध्ये मात्र २०१० साली उसाच्या अल्कोहोलपासून वर्षाला दोन लाख टन पॉलिथीन करण्याची क्षमता असलेला कारखाना उभा राहिला. असो. मूळ विषयाकडे येऊ.

पॉलिथीनचा अंक २.३. हवेच्या मानाने हा सव्वादोन पट आहे. तेव्हा पॉलिथीनमध्येच हवा कोंडावी ही कल्पना निघाली, आणि तिचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग ढोकळ्याचा. पीठ भिजवताना सोडा टाकला की वाफवताना वायू सुटतो आणि जाळी पडते. तसे वितळलेल्या पॉलिथीनमध्ये वायू सोडणारे रसायन मिसळतात, किंवा दाबाने सरळ नायट्रोजन सोडतात. तारेवर चढताना ते फुगते. टीव्हीच्या छत्रीच्या केबलमधले पांढरे वेष्टन ते हेच. अर्धी हवा भरली तर अंक दीडच्या आसपास येतो. साध्या भरीव पॉलिथीनच्या केबलमधून संदेश प्रकाशाच्या वेगाच्या ६६ टक्के वेगाने जातो, तर फुगवलेल्यात ८० टक्क्यांच्या पुढे. पण ढोकळ्याचे दोषही येतात. एक बुडबुडा मोठा, एक लहान. दोन शेजारी बुडबुडे फुटून एक होतात. वेष्टन दाबले की चेपते, आणि बुडबुडे एकमेकांत उघडले तर पाण्याला वाट मिळते.

दुसरा मार्ग राजगिऱ्याच्या लाडवाचा. येथे पाक फुगवायचा नाही. आधी राजगिरा फुलवून घ्यायचा आणि फुललेले दाणे गुळाच्या पाकात बांधायचे. प्रत्येक दाण्याची पोकळी त्याच्या त्याच्यापाशी. दाणा दाण्यात मिसळत नाही, आणि लाडू हाताने दाबला तरी तसाच राहतो. पोकळ मण्यांचे प्लॅस्टिक म्हणजे असा लाडू. त्याला सिंटॅक्टिक फोम असे नाव आहे.

हे मणी डोळ्यांना मण्यासारखे दिसत नाहीत, पांढऱ्या पिठासारखे दिसतात. एकेक मणी १० ते १०० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतका किंवा त्याहून बारीक. ते तयार होतात कसे? काचेचे मणी अगदी लाह्यांसारखेच. काचेच्या भुकटीत तापल्यावर वायू सोडणारे गंधकाचे क्षार असतात. ती भुकटी ज्वालेतून सोडली की कण मऊ होतो, आत वायू सुटतो, कण फुगतो आणि खाली येईपर्यंत गार होऊन कडक होतो. दुसरी जात प्लॅस्टिकच्याच मण्यांची. प्लॅस्टिकच्या बारीक पिशवीत चटकन वाफ होणारा द्रव कोंडलेला असतो, ताप दिला की आकारमान चाळीस-पन्नास पट होते. तिसरी जात कोणी मुद्दाम करीत नाही. कोराडी, चंद्रपूर यांसारख्या कोळशावरच्या वीज केंद्रांत दगडी कोळशाची भुकटी जळते, तेव्हा राखेचे काही थोडे कण आपोआप फुगून पोकळ होतात. राख पाण्याबरोबर तळ्यात सोडली की भरीव राख बुडते आणि हे पोकळ कण सायीसारखे वर तरंगतात. ती साय काढून वाळवून विकली जाते.

आता वजनाचा हिशोब. पॉलिथीन पाण्याच्या ०.९२ पट जड. काचेचे हलके मणी ०.२० पट. शंभर भागांत चाळीस भाग मणी घातले तर मिश्रणाचे वजन ०.६३ भरते, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश वजन कमी. डायइलेक्ट्रिकचा अंक मात्र २ च्या आसपासच राहतो, कारण काच स्वतः पिणारी आहे. फुगवलेल्या पॉलिथीनचा दीड, याचा दोन. यावरून स्पष्ट दिसते की नुसता अंक उतरवायचा तर ढोकळाच बरा. मण्यांचा फायदा आहे मजबुतीत, पोकळ्या सारख्या राहण्यात आणि पाणी आत न शिरण्यात.

मजबुतीचीही किंमत आहेच. सर्वांत हलका काचेचा मणी, पाण्याच्या एक अष्टमांश वजनाचा, चौरस सेंटिमीटरला सुमारे १७ किलो दाबाला फुटू लागतो. जुन्या साखर कारखान्यांतून २१ किलो दाबाचे बॉयलर सर्रास असत, तेवढाही दाब तो मणी सोसणार नाही. उलट जाड भिंतीचा, ०.६० वजनाचा मणी दोन हजार किलोंच्या जवळपास दाब सोसतो. तारेवर प्लॅस्टिक चढविणाऱ्या यंत्रात दाब शंभर-दोनशे किलोंच्या वर सहज जातो, शिवाय मळसूत्राची रगड वेगळी. हलका मणी तेथे चुरा होतो, आणि मग हवा गेली, काचेची पूड तेवढी आत राहिली. जड मणी टिकतो, पण मग हलकेपणा राहिला कोठे? हे भांडण मिटविण्यात या धंद्याचे सारे कसब आहे.

एवढे करून हे प्लॅस्टिक खरोखर वापरतात ते मुख्यतः समुद्रात. पाण्याखाली यंत्रे सोडतात, त्यांना वरून वीज व संदेश देणारी दोरखंडासारखी केबल असते. ती जड असली तर यंत्राला तळाशी ओढते. म्हणून तिच्या बाहेरच्या वेष्टनात पोकळ मणी घालून ती ना बुडेल ना तरंगेल अशी करतात. तेथे फुगवलेले वेष्टन चालत नाही, खोल पाण्याच्या दाबाने त्याची पोळी होते. २०१२ साली जेम्स कॅमेरॉन हे एका पाणबुडीतून पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेत जवळजवळ अकरा किलोमीटर खोल उतरून परत आले. त्या पाणबुडीच्या आकारमानाचा सुमारे ७० टक्के भाग अशा मण्यांच्या घट्ट फोमचा होता. तेथे दाब चौरस सेंटिमीटरला हजार किलोंच्या वर असतो.

दुसरा वापर आपल्या अधिक ओळखीचा. १९८० च्या दशकापासून आपल्याकडे टेलिफोनची जी केबल पुरली गेली तिच्यात व्हॅसलिनसारखी जेली भरलेली असे. ज्यांच्या नांगराने किंवा कुदळीने ती तुटली असेल त्यांना चिकट झालेले हात आठवत असतील! भोक पडले तरी पाणी आत धावू नये म्हणून ती जेली. पण जेलीने हवेची जागा घेतली, म्हणजे पिणे वाढले. त्यावर उपाय म्हणून परदेशात काही ठिकाणी जेलीतच पोकळ मणी मिसळण्याची युक्ती निघाली. पाणीही अडते आणि हवाही राहते.

हे सर्व वाचून सभासद म्हणतील, मग आमच्या मोटरलाच का नको?

छत्रीच्या केबलमधून जी वीज जाते ती एका सेकंदात ९५ कोटी ते २१५ कोटी वेळा झोके घेते. प्रत्येक झोक्याला वेष्टन घोटभर पिणार म्हटल्यावर तेथे हवेची गरज कळते. आपल्या मोटरची वीज सेकंदाला फक्त ५० झोके घेते. केबलची लांबी पाचशे फूट, फार तर हजार. एवढ्यात वेष्टन पिऊन पिऊन किती पिणार? मोजण्यातही येत नाही. ज्या आजारावर हे औषध आहे तो आजारच आपल्या केबलला नाही.

उलट नुकसान आहे. मोटर चालू असताना तांबे तापते, आणि ती ऊब वेष्टनातूनच बाहेर गेली पाहिजे. हवा भरलेले वेष्टन म्हणजे तारेला गोधडी. पाण्यात बुडालेला भाग कसाबसा निभावेल, पण बोअरच्या तोंडापासून स्टार्टरपर्यंत उन्हात पडलेला भाग अधिक तापणार. शिवाय केबल बोअरमध्ये पाइपाला बांधून सोडतात, ती केसिंगला घासते, दोरी आवळली जाते. तेथे चिवट, भरीव वेष्टनच हवे.

कारखान्यातल्या ११ हजार व्होल्टच्या केबलची गोष्ट आणखी वेगळी. तिच्या वेष्टनात एक बारीक पोकळी राहिली तरी केबल करणारे ती नापास करतात. कारण मोठ्या दाबाखाली त्या पोकळीतल्या हवेत ठिणग्या पडू लागतात आणि आतून पोखरत पोखरत एके दिवशी केबल फुटते. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. पोकळी फारच बारीक असली, तर ठिणगी पडणे उलट अवघड होते. बैल उधळायला रान लागते, गोठ्यात उधळून तो किती उधळणार? विजेच्या कणांनाही धावायला जागा लागते. म्हणून क्ष-किरण यंत्रांसारख्या मोठ्या दाबाच्या हलक्या उपकरणांसाठी बारीक मण्यांचे इन्शुलेशन करून पाहण्यात आले आहे. पण ते बंद पेटीतले, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखालचे काम. बोअरमध्ये चिखलपाण्यात सोडायची वस्तू ती नव्हे.

आणि मुख्य मुद्दा वजनाचा. तुरा आलेल्या उसाला दशी पडते, मोळी हाताला हलकी लागते आणि काट्यावर टनेज घटते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. केबल हलकी लागली तर आधी तोच संशय घ्यावा. केबलमध्ये वजनदार आहे ते तांबे. एक घन सेंटिमीटर तांबे जवळजवळ ९ ग्रॅम, तेवढेच पीव्हीसी दीड ग्रॅमच्या आत. २.५ चौरस मिलिमीटरच्या तीन कोअरच्या केबलमध्ये एका मीटरला साधारण ६५ ग्रॅम तांबे असले पाहिजे. प्रमाणित केबलचे माप तारेच्या रोधावर ठरते, त्यामुळे दोन-चार ग्रॅम इकडे तिकडे चालतील. पण १.५ च्या तारेत ते ४० ग्रॅमच भरेल.

या २५ ग्रॅमला किती महत्त्व? पाच अश्वशक्तीची मोटर साधारण ८ ते ९ अँपिअर घेते. स्टार्टरपासून मोटरपर्यंत ३०० मीटर केबल असेल, तर खऱ्या २.५ च्या तारेत सुमारे ३० व्होल्ट वाटेत खर्च होतात. १.५ च्या तारेत ५० च्या आसपास. आपल्याकडे लाईट आधीच कमी दाबाने येते. त्यातले आणखी ५० गेले की मोटर गुरगुरते, जास्त अँपिअर ओढते, तापते आणि वाइंडिंग जळते. मग बोअरमधून काढणे, रिवाइंडिंग, पुन्हा सोडणे, आणि ऐन उन्हाळ्यात आठ-दहा दिवस उभ्या उसाला पाणी नाही. केबलमध्ये वाचलेले पैसे कोठे गेले ते मग शोधत बसावे.

तेव्हा केबल घेताना वरची छपाई पाहावी. आयएसआयची खूण, आयएस ६९४ हा क्रमांक आणि चौरस मिलिमीटरचे माप ही तिन्ही असावीत. छपाई कोणीही करील, म्हणून एक मीटर तुकडा सोलून नुसते तांबे किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर घालावे. तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली तर ते अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. वेष्टनाचा तुकडा पाण्याच्या तांब्यात टाकावा. मोटरच्या केबलचे पीव्हीसी तळाशी जाते.

आमचे सभासद सांगितल्याप्रमाणे नमुना घेऊन आले. बरोबर एक मीटर. छपाई २.५ ची होती, आयएसआयची खूण नव्हती. गट ऑफिसशेजारच्या दुकानात तीनही कोअर सोलून तांबे काट्यावर घातले, ४१ ग्रॅम भरले. वेष्टनाचा तुकडा तांब्यात टाकला, तो सरळ तळाशी जाऊन बसला. भरपूर पोकळ मणी असते तर तरंगला असता. साधेच पीव्हीसी होते. हलकेपणा वेष्टनातला नव्हता, तांब्यातला होता. सभासदांनी तांबे कागदात गुंडाळून खिशात घातले आणि म्हणाले, "आता बाजारच्या दिवशी त्यालाच दाखवतो."